शीण कुणाच्या नावावर?

"आम्ही लाँग रेस्ट घेतो," एवढं म्हटलं की आमच्या टेबलावर रात्र संपायची. तीन दिवस दलदल तुडवत आलेली, भिजलेली, खांद्यात बाण रुतलेली माणसं आठ तास झोपायची आणि उठायची ती कोरी करकरीत होऊन. कॅरॅक्टर शीटवरचा एचपीचा, म्हणजे आयुष्याचा, आकडा खोडायचा, शेजारी पूर्ण आकडा लिहायचा, की पुढे चालू. या सगळ्याला अर्धं मिनिट पुरायचं. एका रविवारी आमच्यातल्या एकीने पेन्सिल खाली ठेवली. ती नर्स आहे, आणि सलग चार रात्रपाळ्या करून थेट खेळायला आली होती. ती म्हणाली, "आठ तास झोपलं की सगळं भरून येतं, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

मी डंजन मास्टर. कल्पित जगाचं वर्णन करायचं, राक्षसांच्या वतीने फासे टाकायचे आणि नियमावरून वाद झाला तर निकाल द्यायचा, हे माझं काम. त्या दिवशी मला निकाल देता आला नाही. पुढच्या वर्षभरात आम्ही थकव्याचे आमचे घरचे नियम केले, मोडले, पुन्हा केले. त्या खटाटोपातून माझं एक मत पक्कं झालं आणि ते मला इथे मांडायचं आहे. थकवा हा एकेका शरीराचा आकडा म्हणून मोजला की तो चुकीचा मोजला जातो. माणूस कुणासाठी थकला, त्याचं ओझं कुणी घेतलं आणि त्याला बसायची जागा कुणी दिली, हे वहीत आल्याशिवाय तो हिशेब पुरा होत नाही.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईत देवनारच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी आणि सहा खेळाडू दर रविवारी दुपारी जमतो. प्रत्येक खेळाडूचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. पात्र काय करतं ते खेळाडू सांगतो, जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरतं, आणि यातून एक लांबलचक गोष्ट तयार होत जाते. याचा मूळ खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. गंमत अशी, की त्या पहिल्या नियमांत विसावा होता. भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या पाळ्यांत मोजायचा, आणि दर तासाला त्यातली एक पाळी बसून काढायची. पन्नास मिनिटं चाललात, दहा मिनिटं टेका. १९८१ च्या आवृत्तीत या नियमाला दात आले. न टेकणाऱ्याचा वार आणि वाराचा जोर, दोन्ही एकाने कमी.

पुढे हा साधा नियम मागे पडला आणि थकवा ही एक 'अवस्था' झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत त्याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर अंगमेहनतीचं किंवा डोक्याचं कोणतंही काम दोन फासे टाकून करायचं आणि त्यातला लहान आकडा घ्यायचा. दुसरीवर चालण्याचा वेग निम्मा. तिसरीवर वारही त्याच लहान आकड्याने. चौथीवर आयुष्याचे आकडे अर्धे, पाचवीवर पाय जागचे हलत नाहीत, सहावीवर मृत्यू. एक पूर्ण रात्र झोप, पोटात अन्न आणि पाणी, एवढं मिळालं की एक पायरी उतरते. २०२४ च्या सुधारणेत हे सोपं केलं: दर पायरीला फाशातून दोन वजा, वेग पाच फुटांनी कमी, सहावीवर मृत्यू मात्र कायम.

कागदावर हे सगळं ठीक दिसतं. टेबलावर मात्र दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे खेळाडू थकण्याच्या वाटेलाच जात नाहीत. २०१४ च्या नियमांत बर्सर्कर नावाचा एक वेडापिसा योद्धा होता. बेभान होऊन लढण्याची शक्ती हेच त्याचं वैशिष्ट्य, आणि ती वापरली की लढाईनंतर थकव्याची एक पायरी चढायची. मी कितीतरी खेळाडू पाहिले ज्यांनी हा योद्धा हौसेने निवडला आणि ती शक्ती कधीच वापरली नाही. किंमत इतकी जड होती की ती देण्यापेक्षा गप्प बसणं बरं. २०२४ मध्ये ती किंमतच काढून टाकली. दुसरी गोष्ट याच्या उलट टोकाची. झोपेने सगळं भरून येतं म्हटल्यावर खेळाडू एक लढाई करतात आणि झोपतात, दुसरी करतात आणि झोपतात. या छंदातले जुने लोक याला पंधरा मिनिटांचा दिवस म्हणतात. उरलेले पावणेचोवीस तास झोपेचे.

दुसऱ्या खेळांनी वेगळ्या वाटा काढल्या आहेत. २०१३ च्या 'टॉर्चबेअरर'मध्ये दर चौथ्या पाळीला काही ना काही अंगावर येतंच, आधी भूक आणि तहान, मग पुढचं सगळं. २०११ च्या 'द वन रिंग'मध्ये थकलेल्या माणसाच्या सहा बाजूंच्या फाशावर एक, दोन किंवा तीन आलं तर ते शून्य धरायचं. हा दुसरा नियम मला फार आवडतो, कारण त्यात थकलेल्याचे मोठे आकडे तसेच राहतात. तो अजूनही पराक्रम करू शकतो, फक्त त्याची छोटी-छोटी कामं फुकट जातात. तरीही या दोन्ही खेळांत थकवा ज्याचा त्याच्याजवळच राहतो.

हे मला का खुपतं, ते पन्हाळ्याच्या उदाहरणाने सांगतो, कारण आमच्या टेबलावर खरा वाद पेटला तो त्यावरूनच. जुलै १६६०. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज रात्री, भर पावसात बाहेर पडले. बरोबर सहाशेच्या आसपास माणसं होती असं सांगतात. पन्हाळ्याहून विशाळगडाकडची ती पन्नास-साठ किलोमीटरची डोंगरवाट चिखल, ओढे आणि रान यांनी भरलेली. मागून सिद्दी मसूदचे स्वार. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि त्यांच्याबरोबरचे बांदल मावळे थांबले आणि महाराज गडावर पोचेपर्यंत त्यांनी खिंड लढवली. आता हे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नियमांत घाला. दिवसाला आठ तास चालणं फुकट. नवव्या तासापासून दर तासाला फासा टाकायचा, अकराला सुटका, पुढे बाराला, तेराला. नियमाने खिंडीत पोचेपर्यंत कितीतरी बांदल तिसऱ्या पायरीवर असणार, म्हणजे वार करताना दोनांतला लहान फासा त्यांच्या वाट्याला. ज्या क्षणाची आठवण महाराष्ट्राने साडेतीनशेहून जास्त वर्षं जपली, त्या क्षणी ही माणसं नेहमीपेक्षा वाईट लढली, असं हा नियम सांगतो.

एकजण म्हणाला, मग थकव्याचा नियमच नको, वीरांना थकवा नसतो. मला हे त्याहून चुकीचं वाटलं. बांदलांना थकवा नव्हता असं मानलं तर त्यांनी केलं तरी काय? ताज्या दमाच्या माणसांनी खिंड अडवणं हा निव्वळ डावपेच आहे. रात्रभर चालून आलेल्या माणसांनी ती अडवली म्हणून ती पावनखिंड. आणि त्यांनी ती किंमत चुकती केली, बाजींनी प्राण देऊन. थकलेला माणूस हवं ते करू शकतो, बिल नंतर येतं. माझ्या मते नियम इथून सुरू व्हायला हवा.

नंतर येणाऱ्या बिलाला आपल्याकडे एक शब्द आहे, उधारी. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून वाण्याकडे असते तशी लांबट, लाल पुठ्ठ्याची वही आणली आणि प्रत्येक पात्राला त्यात एक पान दिलं. नियम असा: फासा फसला की खेळाडू म्हणू शकतो, "उधार." मग तो दुसरा फासा टाकतो आणि दोनांतला मोठा घेतो. थकलेला माणूस त्या क्षणी जास्त चांगलं करतो, कमी नाही. पण त्याच्या पानावर एक रेघ पडते. दिवसभर चालून वर आणखी चाललं तर रेघ. रात्रीचा पहारा केला तर रेघ. सहाव्या रेघेला वाणी वही मिटतो. मृत्यू नाही, पात्र असेल तिथे खाली बसतं आणि उठत नाही, मग त्याला उचलून न्यायचं की सोडून जायचं हे बाकीच्यांनी ठरवायचं. वही टेबलाच्या मधोमध उघडी असते. पहिल्या महिन्यात मी रेघा माझ्याकडे गुप्त ठेवल्या होत्या आणि तो प्रयोग साफ फसला. जे दिसत नाही ते कुणी विचारात घेत नाही.

रेघांचा परिणाम काय, यावर पुन्हा नर्सबाईंनीच आम्हाला वळणावर आणलं. मी सरळ वजाबाकी लिहिली होती. ती म्हणाली, "थकल्यावर हात कमी चालत नाही. हात चालतोच. लक्ष कुठून तरी गळतं, आणि कुठून गळलं ते आपल्याला कळत नाही." चौथ्या रात्रपाळीला ती सुई पहिल्या रात्रीसारखीच टोचते, पण नोंद करायची राहते, किंवा नातेवाइकाशी नको तितक्या तोडून बोलते. म्हणून आता तिसऱ्या रेघेपासून पात्राचं काहीतरी गळतं, आणि काय गळलं ते उजवीकडे बसलेला खेळाडू ठरवतो. गाठ नीट बसली नाही. कंदिलात तेल घालायचं राहिलं. राजदूताच्या तोंडावर जांभई आली. ज्याचं गळलं त्याला ते निवडता येत नाही. हा नियम आमच्याकडे सगळ्यात जास्त गोष्टी घडवतो.

पायऱ्यांना आकडे देण्यापेक्षा मराठीत त्यांची नावं आधीच तयार आहेत हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. दमणं, थकणं, शिणणं, आंबणं, गळून जाणं: हे पाच शब्द एकाच गोष्टीचं कमी-जास्त प्रमाण सांगत नाहीत. जिना चढून दम लागतो, तो दोन मिनिटांत उतरतो. दिवसभराच्या कामाने थकवा येतो, तो रात्रीच्या झोपेने जातो. अंग आंबतं ते दुसऱ्या दिवशी कळतं, शेक-मालिश मागतं. शीण मात्र झोपेने जात नाही. शिणलेला माणूस झोपून उठतो तो शिणलेलाच. प्रसन्न चेहऱ्याचं कुणी घरी आलं, किंवा केलेल्या कामाचं चीज झालं, तर शीण जातो. खेळाच्या पुस्तकांनी या सगळ्यांवर आठ तासांचा एकच उतारा लिहून ठेवला आहे.

विश्रांतीचेही आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते सर्वांत स्पष्ट ऐकू येतात वारीत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते तेव्हा वाटेत विसावे असतात आणि मुक्काम असतात. विसावा म्हणजे पालखी टेकते, लोक पाणी पितात, भाकरी खातात, उठतात. मुक्काम म्हणजे तंबू, चूल, हरिपाठ, झोप. अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या त्या वाटेतली सर्वांत अवघड चाल म्हणजे दिवे घाट चढून जाणारा पुणे ते सासवड टप्पा. तिथे पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, आणि ती चाल संपल्यावर सासवडला मुक्काम एक नाही, दोन रात्रींचा. थकव्याचा इतका शहाणा नियम मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही. थकल्यावर किती वजा करायचं हा प्रश्नच तिथे नाही. अवघड चढ कुठे आहे हे आधी ठाऊक आहे, तिथे मदतीला कोण यायचं ते ठरलेलं आहे, आणि चढानंतरची जादा रात्र वेळापत्रकातच आहे. दमलेल्याने ती मागायची गरज पडत नाही.

मागायची गरज पडत नाही, हे महत्त्वाचं. कारण आठ तासांची झोप जगात सगळीकडे पडलेली आहे, हवी तेव्हा उचला, असं जेव्हा नियम धरून चालतो तेव्हा तो या शहराचा इतिहासच पुसतो. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी आठवड्याची सुट्टी नव्हती. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या, साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचं निवेदन तयार झालं. ते घडवून आणणारे नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधु'चे संपादक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. मागण्या वाचल्या की मला त्या एका खेळाच्या नियमांसारख्याच वाटतात, इतक्या नेमक्या: रविवारी पूर्ण विश्रांती, दुपारी अर्धा तास सुट्टी, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, जखमी झालेल्याला मदत. रविवारच्या सुट्टीवर मालक राजी व्हायला १० जून १८९० उजाडावा लागला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात पुढे लिहिलं गेलं की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्ध्या तासाचा विसावा. पाच तास, अर्धा तास. प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी भांडलेलं आहे. आम्ही जो रविवार खेळात घालवतो, तोही त्यातलाच.

विश्रांती आपोआप मिळत नाही, हे देवनारला राहणाऱ्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. १९२७ पासून शहराचा कचरा इथे येतो. जानेवारी २०१६ मध्ये कचऱ्याच्या डोंगराला आग लागली तेव्हा कितीतरी दिवस धूर खाली बसत नव्हता, आजूबाजूच्या शाळांना सुट्टी द्यावी लागली. आम्ही खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबून झोपायचो आणि सकाळी उठायचो ते घसा खरवडलेल्या, डोकं जड झालेल्या अवस्थेत. आठ तास झोपलो होतो. म्हणून आमच्या वहीत मुक्कामाला तीन अटी आहेत: श्वास घेता येईल अशी हवा, पाणी, आणि कुणीतरी जागं. तिन्ही असतील तर झोपलेल्याच्या दोन रेघा खोडल्या जातात. जो जागा राहिला त्याची एकही नाही, उलट पहाऱ्याची एक वाढते. विश्रांती कुणीतरी कुणालातरी देतं, हे त्या एका अटीने टेबलावर रोज दिसतं. पूर्वी पहारा म्हणजे फक्त राक्षस दिसला की नाही याचा फासा होता. आता पहाऱ्याला कोण बसणार यावर दहा-दहा मिनिटं बोलणं होतं, आणि त्यातून पात्रांचं एकमेकांवरचं प्रेम किंवा राग कळतो.

विसाव्याचा नियम मला एका संध्याकाळी रस्त्यावर मिळाला. डोंगराच्या बाजूने येणाऱ्या रस्त्याला एक बाई डोक्यावर प्लास्टिकने भरलेली मोठी गोणी घेऊन येत होती. ती थांबली, पण गोणी खाली ठेवली नाही. रस्त्याकडेला कुंपणाची एक भिंत होती, छातीच्या थोडी वर. तिने पाठ भिंतीकडे केली, गुडघे किंचित वाकवले आणि गोणीचा मागचा अर्धा भाग भिंतीच्या कठड्यावर टेकवला. मान मोकळी केली. पदराने तोंड पुसलं. दोन मिनिटांनी ती जराशी खाली वाकली, डोकं गोणीखाली सरकवलं आणि सरळ उभी राहून चालू लागली. गोणी जमिनीवर ठेवली असती तर परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागलं असतं, आणि दुसरं माणूस नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे विसावा घ्यायचा तर दोनांतली एक गोष्ट लागते: योग्य उंचीचा कठडा, किंवा दुसरं माणूस. कठडा म्हणजे जागा शोधायची: पडकी वेस, विहिरीचा काठ, आडवं पडलेलं झाड. अशा विसाव्याने रेघ खोडली जात नाही, फक्त पुढचे दोन तास नवी पडत नाही. दुसरं माणूस असेल तर मात्र रेघ हलू शकते. एकाच्या पानावरची दुसऱ्याच्या पानावर जाते, त्याच्या संमतीने. "दे इकडे" एवढं म्हणायचं, आणि वहीत ज्याने ओझं घेतलं त्याने आपल्या हाताने लिहायचं. शीण मात्र असा हलत नाही. आमच्या वहीत पाचवी रेघ शिणाची; ती हलत नाही आणि झोपेने खोडलीही जात नाही. तिला श्रमपरिहार लागतो. हा शब्द खेळाच्या टेबलावर आल्याचा मला विशेष आनंद आहे. गणपती विसर्जनानंतर मंडळाचे कार्यकर्ते एकत्र जेवतात, संमेलन पार पडल्यावर राबलेल्यांना बोलावून जेवू घालतात, तो श्रमपरिहार. त्यात विश्रांती नावाला असते; मसालेभात असतो, आणि कोणी काय-काय केलं याच्या आठवणी निघतात. आमच्याकडेही पात्रांनी एकत्र जेवायचं, आणि शिणलेल्याने काय केलं ते दुसऱ्या एकाने सगळ्यांसमोर सांगायचं. मग ती रेघ जाते.

यावर सर्वांत मोठा आक्षेप आमच्याच एकाने घेतला आणि तो हलका नाही. तो हार्बर लाइनने रोज पनवेलहून फोर्टला जातो, बँकेत आहे. म्हणाला, "मी आठवडाभर थकतोच. एक दिवस असा मिळतो की माझा योद्धा डोंगर चढतो आणि त्याला धाप लागत नाही. तोही काढून घेणार?" मी याचं उत्तर बरेच दिवस शोधत होतो. कल्पित जगात शरीराचा पाश सुटावा ही इच्छा खरी आहे. तिला कमी लेखणारा डंजन मास्टर लोकांचा रविवार नासवतो. म्हणून आमच्यात एक ठराव आहे: कुणीही एकाने "आज वही नको" म्हटलं की त्या दिवशी वही मिटलेली राहते, कारण विचारायचं नाही. तो सुरुवातीला दर आठवड्याला म्हणायचा.

पण मला वाटतं, तो ज्या थकव्याला वैतागला आहे तो मोजला न जाणारा थकवा आहे. गाडीच्या दारात लटकून आलेल्या माणसाच्या त्या दीड तासाची नोंद कुठल्याच वहीत नाही, ना कचेरीत, ना घरी. वेताळाच्या गोष्टी आठवा. 'चांदोबा'त दर महिन्याला विक्रम राजा स्मशानातलं ते प्रेत खांद्यावर टाकून निघायचा, आणि वेताळ गोष्ट सांगायचा ती कशासाठी, तर राजाला वाटेचे श्रम जाणवू नयेत म्हणून. लहानपणी मला ते वाक्य नुसतं गोष्ट सुरू करायची पद्धत वाटायचं. आता वाटतं, खांद्यावरच्या वेताळाने निदान कबूल तरी केलं की हा माणूस ओझं वाहतो आहे. श्रम विसरवणारी गोष्टसुद्धा आधी श्रमांचं नाव घेते. आमचा बँकवाला हल्ली वही उघडी ठेवू देतो. त्याचा योद्धा सगळ्यांच्या रेघा स्वतःकडे घेत सुटतो, आणि श्रमपरिहारात त्याच्याबद्दल सांगायला सगळ्यांकडे काही ना काही असतं.

हिशेब ठेवणं कंटाळवाणं आहे, हा दुसरा आक्षेप, तो मान्य. म्हणून रेघा सहाच, आणि आकडेमोड शून्य.

नियम इतके जमल्यावर ते पूर्ण आहेत असं मला वाटायला लागलं होतं. मग माझ्या हुशार खेळाडूंनी त्यात एक भगदाड शोधलं. या खेळात पहिल्या आवृत्तीपासून पैसे देऊन माणसं ठेवता येतात: मशालजी, हमाल, भालाईत. आमच्या मंडळींनी एका गावात सोन्याच्या दोन नाण्यांवर एक हमाल ठेवला. तंबू त्याच्या पाठीवर, दोर, धान्य, लुटीची पेटी त्याच्या पाठीवर. रात्रीचा पहारा त्याच्याकडे. तीन रविवार झाले, डोंगर, नदी आणि एक वाळवंट झालं, आणि वहीत एकाच्याही पानावर दुसरी रेघ पडली नाही. नियमाचं पालन तंतोतंत झालं होतं. हमालाला पानच नव्हतं.

मला पन्हाळ्याची ती रात्र पुन्हा आठवली. महाराज पालखीतून निघाले असं परंपरेने सांगितलं जातं. बाजी आपल्याला माहीत आहेत, महाराजांच्या वेषात शत्रूला चकवणारे शिवा काशीद माहीत आहेत. त्या पावसात, त्या चिखलात पालखीचे दांडे ज्यांच्या खांद्यांवर होते ते भोईही धावत होते, आणि खिंडीपर्यंतच्या प्रत्येक कोसाची किंमत त्यांच्याही अंगातून गेली. महाराष्ट्रात हमालांच्या नावाचा कायदा व्हायला १९६९ साल उजाडलं, अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना उभं केल्यावर. माझ्या टेबलावर, एकविसाव्या शतकात, मी स्वतः लिहिलेल्या नियमांत मी तो माणूस पुन्हा गाळला होता. खेळाडूंचा दोष नव्हता. थकवा मोजणारी वही ज्याच्या हातात असते, तो कुणाची पानं घालायची हेही ठरवतो, आणि मी सहा घातली होती.

पुढच्या रविवारी मी वही उघडली आणि सातवं, कोरं पान समोर ठेवलं. म्हटलं, मागच्या तीन रविवारांचा हिशेब करू. ओझ्याच्या रेघा, पहाऱ्याच्या रेघा, नदीतून पेटी डोक्यावर धरून पार केल्याची रेघ. मोजता मोजता बँकवाला थांबला. सहाच्या पुढे गेलो होतो. म्हणजे वाळवंटाच्या मध्यावर कधीतरी हा माणूस खाली बसला असणार आणि उठला नसणार, आणि आम्ही ते खेळलोच नव्हतो. नर्सबाई म्हणाल्या, आपण मागे जाऊ. गोष्टीत मागे जायचा नियम आमच्याकडे नाही; तो त्या दिवशी केला. जादूगाराने दोन रेघा घेतल्या, योद्ध्याने तीन. चोर पेटी घ्यायला तयार नव्हता, त्यावर चांगलंच भांडण झालं, शेवटी पेटी वाळूत पुरली.

मग पानाच्या वर नाव लिहायला मी पेन्सिल उचलली आणि सगळ्यांकडे पाहिलं. तीन रविवार तो आमच्याबरोबर चालत होता आणि आम्ही त्याला नुसतं "हमाल" म्हणत आलो होतो. संध्याकाळचे साडेसात वाजले होते, दोघांना गाडी पकडायची होती. तरी कुणी उठलं नाही. कुठल्या गावचा, घरी कोण, वाळवंट तुडवून मिळणारी दोन नाणी कशासाठी हवी होती, एकेक गोष्ट ठरत गेली, आणि नाव सर्वांत शेवटी ठरलं.